शिसे, शिकारी आणि श्रीवर्धनची गिधाडे

बँकेच्या दारात स्टुलावर दुनळी बंदूक घेऊन बसलेला पहारेकरी आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. त्या बंदुकीला ‘बारा बोरची’ म्हणतात, हेही बहुतेकांनी ऐकलेले असते. पण हे बारा कसले? एक पौंड शिसे घ्यावे, त्याचे सारख्या वजनाचे बारा गोल गोळे करावेत. त्यांतला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती नळी बारा बोरची. सोळा गोळे केले तर सोळा बोर. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. नळी पोलादाची, दस्ता लाकडाचा आणि माप मात्र शिशाचे, इतके हे नाते जुने आहे.

आपल्या भाषेतही शिसे जुनेच. वेद कानावर पडलेल्या शूद्राच्या कानात ते वितळवून ओतावे, असे धर्मसूत्रात लिहून ठेवले गेले आणि ‘कानात तापलेले शिसे ओतल्यासारखे’ हा वाक्प्रचार त्यातून मागे उरला. वैद्यांच्या पोथ्यांत त्याचे नाव ‘नाग’. त्याचे भस्म करून औषधात घालत. आपल्या नातवंडांच्या दप्तरात असते त्या शिसपेन्सिलीत मात्र शिशाचा कणही नसतो, तिथे असते ग्रॅफाइट. नावात आहे तिथे ते नसते आणि नसावे तिथे नेमके पोचलेले असते, असा हा धातू.

हे सारे आठवायला निमित्त झाले ब्रिटनमधल्या एका निर्णयाचे. जुलै २०२५मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केले की, इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये शिशाची काडतुसे टप्प्याटप्प्याने बंद होतील. छर्ऱ्यांत एक टक्क्याहून अधिक किंवा गोळीत तीन टक्क्यांहून अधिक शिसे असेल तर ती विकायची नाही आणि शिकारीला वापरायचीही नाही. नवा माल बाजारात यावा म्हणून तीन वर्षांची मुदत दिली आहे. लष्कर आणि पोलीस यांना यातून वगळले आहे. बातमी तशी दूरदेशीची. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद झाली, तेव्हा काडतुसात शिसे असले काय आणि सोने असले काय, असे म्हणून पान उलटायला हरकत नव्हती. मला ते उलटवेना, कारण मी राहतो श्रीवर्धनला. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या आकाशात अजून गिधाडे फिरतात, आणि ती ज्या रानावर फिरतात त्या रानाच्या कडेला अजून बंदुका आहेत.

आधी वाद समजून घेऊ.

बारा बोरच्या एका काडतुसात साधारण तीस ग्रॅम शिसे असते. पाखरांसाठीचे बारीक छर्रे असतील तर ते दोन-अडीचशे भरतात. बार उडाला की त्यांतले चार-सहा पक्ष्याला लागतात. बाकीचे तळ्यात, दलदलीत, शेतात पडतात आणि पडूनच राहतात. शिसे कुजत नाही. बदके आणि हंस दाणा दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. कोंबडीच्या दुकानात कलेजीबरोबर जो पेटा मिळतो, त्याच अवयवात हे खडे जात्यासारखे काम करतात. खडा आणि छर्रा यांत बदकाला फरक कळत नाही. छर्रा पेट्यात घासला जातो, शिसे रक्तात उतरते, पंख लोंबू लागतात आणि पक्षी दिवसेंदिवस रोडावून मरतो. अमेरिकेत जॉर्ज बर्ड ग्रिनेल या निसर्ग-अभ्यासकाने १८९४ साली बदकांच्या अशा मरणाबद्दल लिहिले होते. ग्रिनेल स्वतः शिकारी होता. त्याचे म्हणणे अमेरिकन सरकारच्या पचनी पडायला शतक उलटत आले. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद झाले ते १९९१ साली. डेन्मार्कने १९९६ साली सरसकट शिशाचे छर्रे बंद केले आणि २०२४मध्ये शिशाच्या गोळ्याही. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३पासून पाणथळ जागांत आणि त्यांच्या शंभर मीटर परिसरात छर्ऱ्यांना मनाई केली.

शिकाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. शिसे जड आणि मऊ. घन सेंटिमीटरला सव्वाअकरा ग्रॅमच्या वर त्याचे वजन भरते, लोखंडाचे आठसुद्धा नाही. हलका छर्रा लवकर दमतो, म्हणजे पक्षी जखमी होऊन उडून जाण्याचा धोका. शिवाय कठीण छर्ऱ्याने जुन्या, आजोबांच्या वेळच्या नळ्या खराब होतात, आणि तो दगडावर आपटून उलटही येतो. बिस्मथचा छर्रा मऊ असतो पण महाग. टंगस्टन तर त्याहून महाग. यावर दुसरी बाजू म्हणते, डॅनिश शिकारी पंचवीस वर्षांहून अधिक काळ पोलादी छर्ऱ्यांनी शिकार करीत आले आहेत, त्यांनी काही बंदुका मोडीत काढल्या नाहीत.

मला या वादातले सर्वांत बोलके प्रकरण वाटते ते ब्रिटनच्याच स्वेच्छेचे. २०२० साली तिथल्या नऊ शिकार आणि ग्रामीण संघटनांनी जाहीर केले की, कायद्याची गरज नाही, पाच वर्षांत आम्ही आपण होऊन शिसे सोडू. केंब्रिजच्या अभ्यासकांनी पहिल्याच हंगामात दुकानांतून फेझंट पक्षी विकत आणून त्यांतले छर्रे तपासले. १८० पक्ष्यांपैकी १७९ पक्ष्यांत शिसेच निघाले. पाच वर्षांनंतरही चित्र फारसे हलले नव्हते. ‘पुढच्या महिन्यात नक्की भरतो’ असे म्हणणारे कर्जदार मी छत्तीस वर्षे पाहिले. त्यांतले पुष्कळसे मनाने सच्चे होते. पण तगादा आणि तारीख यांच्याशिवाय हप्ता येत नाही, हा अनुभव श्रीवर्धनचा असो की लंडनचा, एकच.

अमेरिकेत तर या धातूवरून राजकारणही रंगले. ओबामा सरकारच्या शेवटच्या पूर्ण दिवशी, १९ जानेवारी २०१७ रोजी, सरकारी अभयारण्यांतून शिशाची काडतुसे हळूहळू हद्दपार करण्याचा आदेश निघाला. मार्चच्या दुसऱ्या दिवशी नवे मंत्री रायन झिंकी घोड्यावर बसून कार्यालयात आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तो रद्द केला.

बदकांच्या गोष्टीत विष थेट पोटात जाते. गिधाडांच्या गोष्टीत ते दुसऱ्याच्या देहातून येते. शिशाची गोळी हरणाच्या किंवा डुकराच्या अंगात शिरली की हाडावर आपटून तिच्या ठिकऱ्या होतात. क्ष-किरणात पाहिले तर जखमेभोवती वीतभर अंतरापर्यंत चांदण्यांसारखे कण पसरलेले दिसतात. शिकारी चांगले मांस घेऊन जातो, आतडी-कोथळा तिथेच टाकतो. किंवा जनावर जखमी होऊन पळते आणि दूर झाडीत मरते. मागून गिधाड येते. गिधाडाच्या जठरातले आम्ल इतके जहाल की सडक्या मांसातले रोगजंतू त्यात विरघळून जातात. निसर्गाने त्याला दिलेले हे वरदान शिशापुढे शाप ठरते, कारण तेच आम्ल शिसेही झपाट्याने विरघळवते.

कॅलिफोर्नियातला कॉन्डॉर हा तिथल्या गिधाडांतला सर्वांत मोठा पक्षी. १९८२ साली जगात त्यांची संख्या उरली होती बावीस. १९८७मध्ये रानातला शेवटचा कॉन्डॉरही पकडून पिंजऱ्यात आणला गेला. तिथे त्यांची वीण वाढवली आणि १९९२पासून पिल्ले पुन्हा रानात सोडली जाऊ लागली. आज पिंजऱ्यातले आणि बाहेरचे मिळून ते पाचशेच्या वर आहेत. पण सोडलेले पक्षी मरत राहिले, आणि ज्या मृत्यूंचे कारण कळले त्यांतले जवळजवळ निम्मे शिशाचे होते. दरवर्षी त्यांना पकडायचे, रक्त तपासायचे, शिसे जास्त निघाले तर औषध देऊन ते उतरवायचे आणि पुन्हा सोडायचे, असा हा संसार चालला आहे. कॅलिफोर्नियाने २००८पासून कॉन्डॉरच्या प्रदेशात आणि १ जुलै २०१९पासून सगळ्या राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंद केल्या. पहिल्या बंदीनंतर वर्षभरातच त्या भागातल्या सोनेरी गरुडांच्या रक्तातले शिसे उतरलेले दिसले. कॉन्डॉरचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. कायदा सगळीकडे सारखा पाळला जात नाही, आणि पन्नास-साठ वर्षे जगणाऱ्या पक्ष्याला आयुष्यात एखादाच वाईट घास पुरतो.

आता आपल्याकडे येऊ.

आपली गिधाडे शिशाने गेली नाहीत, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. ती गेली डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने. आजारी गाईला हे इंजेक्शन दिले, ती तरीही मेली, तिचे मांस गिधाडांनी खाल्ले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारात एक उरले. सुरुवातीला सगळे जण एखाद्या साथीच्या रोगाचा शोध घेत होते. पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांचा अभ्यास करून लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली खरे कारण मांडले. २००६मध्ये भारत सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. म्हणून २०१५ साली ती औषधे तीन मिलिलिटरच्या कुपीतच विकायची असे ठरले. २०२३मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅक ही त्याच घरातली औषधेही जनावरांसाठी बंद झाली. या सगळ्यात जमेची बाजू एकच होती. मेलॉक्सिकॅम नावाचे, गिधाडांना न बाधणारे औषध हाताशी होते, आणि ते स्वस्त झाले. गाईचे दुखणे तसेच ठेवा असे शेतकऱ्याला कोणाला सांगावे लागले नाही.

गिधाडांविषयी आपल्या मनात तसे प्रेम नाही. रामायणात जटायूला मान दिला आणि बोलीत मात्र लोभी नातेवाइकांना गिधाड म्हणून मोकळे झालो. माझ्या लहानपणी मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की दुपारपर्यंत सापळा उरत असे. वास नाही, माश्या नाहीत, नगरपालिकेची गाडी नाही. हे काम फुकट करणारे गेले तेव्हा त्यांची किंमत कळली.

कोकणात काही ठिकाणी ती तगली. श्रीवर्धनच्या शेजारचा म्हसळा तालुका, त्यातले चिरगाव हे त्यांतले नाव घेण्यासारखे गाव. महाडची ‘सीस्केप’ ही संस्था, वनखाते आणि गावकरी यांनी तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी जपली. आजूबाजूच्या गावांत ढोर मेले की ते आणून ठरल्या जागी त्यांच्यासाठी ठेवायचे, झाडे तोडू द्यायची नाहीत, विणीच्या दिवसांत गोंगाट करायचा नाही, असे हे साधे पण चिकाटीचे काम. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या तासाभरात आडव्या झाल्या. आमच्याही वाडीतली निम्मी पोफळ गेली. रोठा सुपारीचे झाड पुन्हा धरायला लागायला वर्षे जातात, ते आम्ही लावले. त्याच वाऱ्यात गिधाडांच्या घरट्यांची उंच झाडेही उन्मळली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिल्लू मोठे होऊन स्वतःचे घरटे करायला पाच-एक वर्षे जातात. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या जमेतून वर्षाला दोन-चार पक्षी जास्तीचे गेले, तरी खाते उलटे फिरते.

आणि ही गिधाडे खातात ती फक्त आणून ठेवलेली ढोरे नव्हेत. रानात मेलेले रानडुक्करही खातात.

कोकणातल्या भातशेतीला रानडुकराचा त्रास किती, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगून कळणार नाही. कापणीला आलेल्या भातात रात्रीतून एक कळप शिरला की सकाळी शेतात कोणी नांगर फिरवल्यासारखे दिसते. केळी, रताळी, नारळाची नवी रोपे, काही सुटत नाही. पुष्कळांनी या एका कारणाने शेत पडीक टाकले. म्हणून कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आहेत, दक्षिणेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात तर खूपच. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करण्याचे फर्मान निघते, आणि निवडणूक नेमकी पिकाच्या दिवसांत आली की शेतकरी कपाळावर हात मारतो. १९५९च्या शस्त्र कायद्यातल्या तेराव्या कलमात या परवान्यांचा उल्लेख आहे. संरक्षणासाठीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी वीस इंचांहून आखूड नसावी, पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक चालेल, असे त्यात बारकाईने लिहिले आहे. नळीत कोणता धातू भरावा याबद्दल त्या कलमात एक अक्षर नाही.

वन्यजीव कायद्यातही वाट आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारण्याची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतो, आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर आणि नीलगाय यांच्यासाठी तशी पद्धत घालून दिली. परवानगीने मारलेल्या डुकराचा पंचनामा होतो, ते सरकारजमा होते, त्याची विल्हेवाट लागते. तिथे गिधाडाला वाव नाही. वाव आहे तो दोन ठिकाणी. एक, लागले पण पडले नाही असे डुक्कर. ते पळून जाऊन कुठल्या तरी घळीत मरते, त्याचा पंचनामा कोण करणार? दुसरे, रात्रीची चोरटी शिकार, जिच्याबद्दल गावात सगळ्यांना माहीत असते आणि कागदावर कोणालाच नसते. चोरटी शिकार करणारा कोथळा रानातच टाकतो.

आपल्या गिधाडांचे आफ्रिकेतले सख्खे भाऊबंद, तीही पांढऱ्या पाठीचीच, बोट्स्वाना देशात आहेत. तिथे ५६६ गिधाडांचे रक्त तपासले गेले आणि २०१८ साली निष्कर्ष आला की, जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या पक्ष्यांच्या रक्तात शिसे वाजवीपेक्षा जास्त आहे. शिकारीच्या हंगामात ते वाढते, हेही दिसले. डायक्लोफेनॅकच्या वेळी आपल्याला कारण कळेपर्यंत हजारातली नऊशे नव्व्याण्णव गेली होती. या वेळी कारण आधीच कळलेले आहे, एवढा तरी फायदा घ्यायला हवा.

बँकेतल्या बंदुकीची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. शाखेतल्या पहारेकऱ्याची काडतुसे रोकडीसारखी मोजली जात. त्यांची वही वेगळी, सह्या दोघांच्या. जुनी काडतुसे सरावासाठी उडवायची, तेव्हा आमच्या पहारेकऱ्याबरोबर, हे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले हवालदार होते, मी अधिकारी म्हणून जात असे. गावाबाहेरच्या खाणीत मातीच्या धसाकडे तोंड करून ते बार काढीत. मग आम्ही दोघे वाकून रिकामी टोपणे वेचीत असू, कारण जितकी नेली तितकी परत दाखवायची. एक कमी भरले तर अर्धा तास गवतात शोधाशोध. पुठ्ठ्याच्या त्या रिकाम्या नळकांड्यांचा हिशेब पैशापर्यंत लागत असे. आत होते त्या तीस-तीस ग्रॅम शिशाचा हिशेब वहीत कुठेच नव्हता. खाणीच्या तळाशी पावसाचे पाणी साचे, आणि गावची गुरे तिथे पाणी पीत.

या देशात शिशाचा मोठा पाऊस पडला तो साहेबांच्या राज्यात. भरतपूरच्या तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तिथल्या दगडी फलकावर तो आकडा कोरलेला आहे. प्रत्येक पक्ष्यामागे एकच काडतूस धरले तरी सव्वाशे किलोच्या वर शिसे त्या एका दिवसात पाण्यात गेले, आणि कोणाचाच नेम इतका अचूक नसतो. तरीही शिकारी म्हणजे खलनायक असे मला म्हणवत नाही. डॉ. सालिम अली पक्ष्यांकडे वळले ते लहानपणी एअरगनने मारलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीमुळे. आपल्याच रायगडातल्या किहीमला त्यांनी पुढे सुगरणींचा अभ्यास केला. नेमबाजीचा खेळ तर महाराष्ट्राचा अभिमानच. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणणारा कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे. त्यांच्याही गोळ्या शिशाच्याच असतात, पण त्या ठरल्या जागी, ठरल्या भिंतीवर पडतात आणि गोळा करून पुन्हा वितळवता येतात. खेळ आणि रान यांना एकाच कायद्याने बांधायची घाई नको, असे माझे मत आहे.

हा विषय डोक्यात घेऊन मी गेल्या पावसाळ्यानंतर डोंगरावरच्या एका गावी गेलो. तिथे माझ्याच वयाचे एक शेतकरी आहेत, आमची जुनी ओळख. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला अजून साहेबच म्हणतात. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची परवान्याची ठासणीची बंदूक आहे. ती त्यांनी मला काढून दाखवली. छर्रे कुठून आणता, असे मी विचारले.

“विकत कशाला आणायचं? जीवना बंदरावर जुन्या जाळ्याचं शिसं मिळतं. ते वितळवायचं.”

जाळे पाण्यात बुडावे म्हणून कडेला शिशाच्या गोळ्या ओवतात. जाळे फाटले की शिसे मोकळे होते. कोळी ते पुन्हा वापरतात, उरलेले विकतात. (इंग्लंडात हंस गळाचे शिसे गिळून मरू लागले, तेव्हा १९८७ साली गळाची बारीक वजने तिथे बंद झाली. आपल्या कोळ्यांची जाळी वेगळी, पाणी वेगळे. ती तुलना इथे लागू नाही.) मी विचारले, वितळवता कशात?

“पळीत. चुलीवर.”

“स्वयंपाकाच्या?”

“मग काय दुसरी चूल मांडायची?”

शिसे ३२७ अंशांना वितळते. लाकडाच्या चुलीला ते काहीच नाही. त्या चुलीशेजारी त्यांची तीन-चार वर्षांची नात पाटावर बसून भाकरीचा तुकडा चावत होती. ‘युनिसेफ’ आणि ‘प्युअर अर्थ’ यांचा २०२०चा अहवाल सांगतो की, जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या, शंभर मिलिलिटर रक्तात पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. त्यांतली २७ कोटींहून अधिक आपल्या देशातली. त्यात मोठा वाटा जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या उद्योगाचा. बंदुकीचा वाटा त्यापुढे नगण्य. पेट्रोलमधले शिसे आपण २००० साली काढले, घरगुती रंगातल्या शिशावर २०१७पासून मर्यादा आली. पण एखाद्या घरात विष बॅटरीतून आले की जाळ्यातून, हे मुलाच्या मेंदूला सारखेच. वाढत्या वयात शिसे बुद्धी खुंटवते, आणि खुंटलेली पुन्हा वाढत नाही.

मी दादांना हे सांगितले. बदकांचे, कॉन्डॉरचे, गिधाडांचेही सांगितले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “साहेब, तुम्ही वाचलेलं आहे, खोटं कसं म्हणू? पण डुकराला काय मारू? लोखंडाचं घातलं तर ही नळी फुटेल. नवी बंदूक घ्यायला परवाना पुन्हा पहिल्यापासून. काडतूस एकाचं किती पडेल?”

त्यांचे तीनही प्रश्न रास्त होते, आणि तिघांचीही उत्तरे शेतकऱ्याच्या हातात नाहीत, सरकारच्या हातात आहेत. महाराष्ट्रात दारूगोळ्याचे सरकारी कारखाने आहेत. खडकीचा तर १८६९ सालचा, दुसरा जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा. २०२१पासून ते ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीकडे आहेत, आणि तिचे मुख्यालय पुण्यात. रणगाड्याचे गोळे बनवणाऱ्यांना तांब्याचा गोळा किंवा पोलादी छर्रे असलेले काडतूस अवघड नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ते शिशाच्याच भावात मिळावे. ठासणीची जुनी बंदूक जमा करणाऱ्याला त्याच परवान्यावर, नव्या फेऱ्या न मारता, नवी घेता यावी. आणि डुकराला मारण्याची परवानगी देताना त्या कागदावर एक अट वाढवावी: गोळी शिशाची नको. मेलॉक्सिकॅमच्या वेळी हेच झाले होते, आधी दुकानात पर्याय आला आणि मग बंदीला अर्थ आला. ब्रिटनला पाच वर्षे स्वेच्छेवर घालवून जे कळले ते आपण फुकटात घ्यावे. सुरुवात अख्ख्या देशात करायचीही गरज नाही. श्रीवर्धन, म्हसळा आणि शेजारचा महाड, जिथे गिधाडे आहेत एवढ्याच भागात करावी.

हे मी दादांना सांगितले तेव्हा ते हसले. कारखान्याचे काडतूस डोंगरावर येईपर्यंत आपण दोघे असू का, असे त्यांनी विचारले. आतून त्यांच्या मंडळी आमचे बोलणे ऐकत होत्या. त्या चहा घेऊन बाहेर आल्या आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “ती पळी आजपासून माझ्या चुलीवर चढायची नाही.”

दादा काही बोलले नाहीत. पुन्हा दिवाळीनंतर गेलो तेव्हा गोठ्यामागे तीन दगड मांडलेले दिसले, वर पळी पालथी घातलेली. नात अंगणात होती. भात कापून झाले होते; खालच्या दोन खाचरांत मात्र कापायला काही उरलेच नव्हते.